झटक्याचं रसायन मोजायचंय? आधी घड्याळ लावा: प्राण्यांवरील अपस्मार-संशोधनासाठी सविस्तर मार्गदर्शन

पिंजऱ्यात एक रॅट शांत बसलाय. डोक्यावर बसवलेल्या बारीक नळीतून मिनिटाला २ मायक्रोलिटर या वेगाने द्रव मेंदूत जातोय, परत येतोय आणि दर दहा मिनिटांनी एक इवलीशी कुपी बदलली जातेय. मधेच त्याचा जबडा चघळल्यासारखा हलायला लागतो. मग मान हलते, पुढचे पाय थडथडतात, तो मागच्या पायांवर उभा राहतो आणि कोसळतो. मिनिटभरात सगळं संपतं. संध्याकाळी त्या कुपीतलं ग्लुटामेट (चेतापेशींना चेतवणारं रसायन) तपासलं तर ते बेसलाइनपेक्षा, म्हणजे झटक्याआधीच्या पातळीपेक्षा, २० टक्के जास्त भरतं. आता वहीत काय लिहाल? ‘झटक्यात ग्लुटामेट २० टक्क्यांनी वाढतं’?

हिशोब करून बघा. दहा मिनिटांपैकी नऊ मिनिटं ग्लुटामेट नेहमीइतकं होतं, त्याला १ म्हणू. झटक्याच्या एका मिनिटात ते तिप्पट झालं. नऊ आणि तीन बारा, भागिले दहा, १.२. म्हणजे तिपटीची वाढ कुपीत येईपर्यंत २० टक्के झाली. फक्त २४ सेकंद सहापट वाढ झाली असती तरी आकडा हाच आला असता. कुपीला यातलं काहीच कळत नाही, ती फक्त सरासरी सांगते.

या विषयात नव्याने आलेला विद्यार्थी आधी विचारतो, कोणतं उपकरण घेऊ? माझा उलटा प्रश्न असतो, तुला किती सेकंदांचं बघायचंय? पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं, म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहितोय.

शब्दांबद्दल एक खुलासा. मराठीत रॅट आणि माउस दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण प्रयोगात ही दोन वेगळी जनावरं आहेत, त्यांचे डोस वेगळे आणि मेंदूचे नकाशेही वेगळे. त्यामुळे इथे रॅट आणि माउस हेच शब्द वापरलेत. फिट, आकडी, फेफरं या सगळ्यासाठी ‘झटका’, आणि झटके वारंवार आपोआप येत राहतात त्या आजारासाठी ‘अपस्मार’.

पायरी १: कोणता काळ बघायचाय ते ठरवा

झटक्याचं रसायन सेकंदाला वेगळं, मिनिटाला वेगळं आणि दुसऱ्या दिवशी आणखी वेगळं असतं.

पहिले काही सेकंद आयनांचे. हजारो चेतापेशी एकदम पेटतात तेव्हा त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं. पेशींबाहेरच्या द्रवात ते एरवी लिटरला ३ मिलिमोलच्या आसपास असतं, झटक्यात १० ते १२ पर्यंत चढतं आणि तिथे थांबतं. हाइनेमान आणि लुक्स यांनी १९७७ मध्ये मांजराच्या कॉर्टेक्समध्ये मोजून ही वरची मर्यादा दाखवली. ग्लिया, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी, जादाचं पोटॅशियम शोषून घेत असल्यामुळे ते त्यापुढे सहसा जात नाही. तुमच्या इलेक्ट्रोडवर आकडा ३० च्या पुढे गेला आणि ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) सपाट झाला, तर तो झटक्याचा भाग नाही. ते ‘स्प्रेडिंग डिप्रेशन’, म्हणजे चेतापेशींची क्रिया थंडावण्याची पसरत जाणारी लाट. पुष्कळ जण त्यालाच झटक्याचा शेवट समजून बसतात.

त्याच वेळी कॅल्शियम उलट्या दिशेने जातं. बाहेर १.२ मिलिमोलच्या आसपास असलेलं कॅल्शियम पेशींत शिरतं आणि बाहेरची पातळी उतरते. बाहेर कॅल्शियम कमी झालं की सायनॅप्समधून, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यातून, रसायनं सुटायची कमी होतात, पण पेशींचा पडदा जास्त चटकन पेटतो. मेंदूच्या कापाला (जिवंत ठेवलेल्या पातळ चकतीला) जवळपास कॅल्शियमविरहित द्रवात ठेवलं, तर सायनॅप्स बंद पडूनही त्यात झटक्यासारखे स्फोट होत राहतात ते यामुळेच. फक्त ग्लुटामेटकडे बघणाऱ्याने हे विसरू नये.

ग्लुटामेटबरोबर गाबा, म्हणजे चेतापेशींना आवरणारं रसायनही, वाढतं. ‘गाबा कमी पडतं म्हणून झटका येतो’ हे वाक्य पाठ करून आलेल्यांना याचं आश्चर्य वाटतं. गाबा सोडणाऱ्या पेशीही त्या काळात जोरात काम करत असतात. फरक पडतो तो गाबाच्या परिणामात. प्रत्येक वेळी थोडं क्लोराइड पेशीत जातं आणि साठत जातं. ते बाहेर काढणारा केसीसी२ हा वाहक क्लोराइडसोबत पोटॅशियमही बाहेर टाकतो. म्हणजे आतल्या क्लोराइडमुळे गाबाचा आवर सैल पडतो आणि ते काढण्याच्या खटपटीत बाहेरचं पोटॅशियम आणखी वाढतं.

मिनिटांच्या मापावर ऊर्जेचा हिशोब सुरू होतो. ग्लुकोजचा वापर आणि रक्तप्रवाह वाढतात. फॉस्फोक्रिएटिन (ऊर्जेचा राखीव साठा) झपाट्याने उतरतं, लॅक्टेट चढतं, एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन मात्र बराच वेळ तग धरून राहतं. पीएच आम्लाकडे झुकतो. एटीपीच्या विघटनातून ॲडेनोसिन तयार होतं आणि ए१ रिसेप्टरमार्फत (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची रसायन ओळखणारी जागा) पेशींना शांत करतं. २००८ मध्ये माउसवरच्या प्रयोगांनी दाखवलं की ही आम्लताही झटका थांबवायला मदत करते. आम्ल ओळखणाऱ्या एएसआयसी१ए या आयनमार्गाचं जनुक काढून टाकलेल्या माउसांचे झटके जास्त तीव्र होते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न इथे आहे. झटका सुरू का होतो यावर ढीगभर लिहिलं गेलंय. तो बहुतेक वेळा आपला आपण थांबतो कसा, याकडे त्यामानाने फार कमी लक्ष गेलंय.

झटका थांबला म्हणजे मेंदू पूर्ववत झाला असंही नाही. किंडलिंग केलेल्या, म्हणजे रोजच्या हलक्या विद्युतप्रवाहाने झटकाप्रवण केलेल्या, रॅटमध्ये झटक्यानंतर तासाहून अधिक काळ रक्तप्रवाह आणि ऑक्सिजन खाली राहतात, आणि कॉक्स-२ या एन्झाइमला रोखणारं औषध आधी दिलं तर ही घसरण टळते, असं २०१६ मध्ये दिसून आलं. तेव्हा झटक्यानंतर अर्ध्या तासाने घेतलेलं सॅम्पल ‘सावरलेल्या मेंदूचं’ म्हणून वापरू नका.

आणि झटका थांबलाच नाही तर? दीर्घकाळ चालणाऱ्या झटक्यात, म्हणजे स्टेटस एपिलेप्टिकसमध्ये, मिनिटामिनिटाला सायनॅप्सवरचे गाबा-ए रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. कपूर आणि मॅक्डोनाल्ड यांनी १९९७ मध्ये झटका आणणारं लिथियम-पायलोकार्पिन दिलेल्या रॅटमध्ये पाहिलं, की झटके ४५ मिनिटं चालल्यावर ते थांबवायला लागणारा डायझेपाम या झटकारोधकाचा डोस १० मिनिटांच्या वेळी लागणाऱ्या डोसच्या जवळपास दहापट होता. औषध तेच, प्राणी तोच, फक्त ३५ मिनिटं उलटली.

तासांच्या मापावर जनुकं बोलतात. पेंटिलिनटेट्राझोल या रसायनाने आणलेल्या झटक्यानंतर सी-फॉस हे पेशी पेटल्याची खूण देणारं जनुक कुठे कुठे उमटतं याचा नकाशा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं प्रथिन साधारण एक ते दोन तासांनी सर्वाधिक दिसतं. दिवसांत ग्लिया आणि दाहाचे रेणू, आठवड्यांत हिपोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या भागातल्या मॉसी तंतूंची नवी फुटवण. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण मोजण्याच्या दृष्टीने सोपं, कारण घाई नसते.

एक वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा: ‘मला झटक्याच्या इतक्या वेळेपासून इतक्या वेळेपर्यंतचा बदल बघायचा आहे.’ या दोन जागा भरल्याशिवाय एकही प्राणी मागवू नका.

पायरी २: मॉडेल निवडा, आणि त्याचा स्वतःचा रासायनिक ठसा ओळखा

झटका आणण्याचे मार्ग बरेच आहेत. पेंटिलिनटेट्राझोल गाबा-ए रिसेप्टर अडवतं. केनिक आम्ल जपानमध्ये जंतांवर वापरल्या जाणाऱ्या एका लाल शेवाळातून १९५३ मध्ये वेगळं केलं गेलं, ते ग्लुटामेटच्याच एका जातीच्या रिसेप्टरवर बसतं. पायलोकार्पिन मस्करिनिक रिसेप्टर चेतवतं. ४-अमिनोपायरिडिन पोटॅशियमचे मार्ग बंद करतं. विजेचा जोरदार धक्का ही सगळ्यात जुनी रीत. मेरिट आणि पटनम यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मांजरांवर ती वापरून फेनिटोइन या औषधाचा झटकारोधक गुण शोधून काढला.

घोडं पेंड खातं ते इथेच. ४-अमिनोपायरिडिन झटका आणण्याआधीच ग्लुटामेट सोडवतं. मग तुमच्या कुपीतली वाढ झटक्याची की औषधाची? लिथियम-पायलोकार्पिन मॉडेलमध्ये लिथियम एक एन्झाइम अडवतं आणि मेंदूतलं इनोसिटॉल कमी करतं, झटका येवो अगर न येवो. कंट्रोल गटाला नुसतं सलाइन देऊन ‘झटक्याने इनोसिटॉल घटलं’ असं लिहिलं तर तो निष्कर्ष लिथियमचा आहे, झटक्याचा नाही. त्या गटालाही लिथियम मिळालंच पाहिजे. हीच गोष्ट मिथाइल-स्कोपोलामिनची. पायलोकार्पिनमुळे लाळ, जुलाब, श्वासनलिकेतला स्राव असे मेंदूबाहेरचे परिणाम होतात, ते रोखायला हे औषध आधी देतात. ते रक्त-मेंदू अडसर ओलांडत नाही म्हणूनच चालतं. बाटलीवर नीट बघा. साधं स्कोपोलामिन घेतलंत तर ते मेंदूत शिरून झटकाच येऊ देणार नाही.

औषधाचा ठसा वेगळा काढायला दोन रस्ते आहेत. पहिला, एका गटाला तेच झटका आणणारं औषध द्या पण आधी झटकारोधक देऊन ईईजीवर झटका येऊ देऊ नका. तरीही जो बदल उरतो तो औषधाचा. (झटकारोधकाचाही स्वतःचा परिणाम असतो, म्हणून फक्त झटकारोधक मिळालेला गटही ठेवा.) दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण मोजणीच्या दिवशी प्राण्याच्या अंगात कोणतंच रसायन नसतं. किंडलिंगमध्ये अमिग्डालासारख्या भागाला रोज अगदी हलका विद्युतप्रवाह देत गेलं की आधी काहीच न करणारा तोच प्रवाह काही आठवड्यांनी पूर्ण झटका आणतो. गोडार्ड यांनी ही गोष्ट १९६७ मध्ये मांडली. याचा मोठा फायदा म्हणजे झटक्याचा क्षण तुमच्या हातात असतो. बटण दाबलं ती वेळ शून्य.

अनुपस्थिती-झटक्यांसाठी, म्हणजे काही क्षण नुसतं हरवल्यासारखं होतं त्या प्रकारासाठी, वॅग/राय किंवा स्ट्रासबर्गचे गेअर्स हे जन्मजात अपस्मार असलेले रॅट वापरतात. त्यांच्या ईईजीवर सेकंदाला ७ ते ११ वेळा टोक-आणि-लाट दिसते. माणसांत ती ३ च्या आसपास असते, हे आपले निष्कर्ष माणसांना लावताना ध्यानात असू द्या.

प्राण्याचा वंशही लिहून ठेवा. सी५७बीएल/६ जातीच्या माउसला केनिक आम्लाने जोरदार झटके येतात, तरी हिपोकॅम्पसमधल्या पेशी फारशा मरत नाहीत. एफव्हीबी/एन जातीत त्याच डोसाने मोठं नुकसान होतं. मादी वापरणार असाल तर ऋतुचक्र नोंदवा, कारण प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं ॲलोप्रेग्नॅनोलोन गाबा-ए रिसेप्टरला बळ देतं. फक्त या त्रासापायी माद्या वगळणं मला पटत नाही.

संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी मॉडेल ठरल्यावर लगेच मागा, उपकरणं जुळवून झाल्यावर नाही. अर्जात झटका किती मिनिटांनी, कशाने थांबवणार आणि कोणत्या टप्प्यावर प्राण्याला वेदनारहित मरण देणार हे आकड्यांत लिहा. कमी प्राण्यांत भागतं का, प्राण्याऐवजी मेंदूचे काप चालतील का, यातना कमी करता येतील का, हे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेले तीन प्रश्न समिती विचारेलच. तिने विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारा.

पायरी ३: टिपायचं साधन काळानुसार निवडा

सगळ्यात सोपं वाटतं ते म्हणजे मेंदू काढून, दळून, त्यातलं रसायन मोजणं. पण अख्ख्या ऊतीतलं ग्लुटामेट किलोमागे १० मिलिमोलच्या आसपास असतं आणि पेशींबाहेरचं काही मायक्रोमोल किंवा त्याहूनही कमी. हजारो पटींचा फरक. दळलेल्या ऊतीवरून ‘ग्लुटामेट सुटलं’ असं म्हणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ऊतीचा उपयोग ऊर्जेच्या रेणूंसाठी होतो, पण तिथे वेगळा शत्रू आहे. प्राणी मेला तरी एन्झाइमं काम थांबवत नाहीत. डोकं वेगळं केल्यावर पहिल्या मिनिटातच फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी कोसळतात, लॅक्टेट चढतं, मुक्त मेदाम्लं वाढतात. गाबासुद्धा मृत्यूनंतर वाढतं, कारण ते बनवणारं एन्झाइम चालूच राहतं आणि मोडणारं अडतं. म्हणजे तुम्ही मेंदू सावकाश काढलात तर झटक्याने गाबा वाढलं की तुमच्या हाताच्या संथपणाने, हे सांगता येणार नाही. म्हणूनच १९६० च्या दशकात लाउरी आणि त्यांचे सहकारी माउसला अतिशीत द्रवात क्षणात गोठवत. आज त्याच कामासाठी खास बनवलेलं, डोक्यावर केंद्रित होणारं मायक्रोवेव्ह यंत्र वापरतात. ते सेकंदाच्या आसपास एन्झाइमं निकामी करतं. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हने हे होत नाही आणि तसा विचारही मनात आणू नये, तो प्राण्याचा छळ आहे.

पेशींबाहेरच्या रसायनांसाठी मायक्रोडायलिसिस, म्हणजे सुरुवातीच्या रॅटच्या डोक्यातल्या नळीची पद्धत, हे सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं तंत्र. एकाच सॅम्पलमध्ये ग्लुटामेट, गाबा, ॲडेनोसिन, लॅक्टेट असं बरंच काही मोजता येतं. कमतरता एकच, वेळ. साधारण दर ५ ते २० मिनिटांना एक आकडा. सेकंद हवे असतील तर ग्लुटामेट ऑक्सिडेज लावलेला एन्झाइम-इलेक्ट्रोड किंवा आयजीएलयूस्निफर हा प्रकाश देणारा प्रथिन-सेन्सर. पोटॅशियमसाठी व्हॅलिनोमायसिन भरलेला आयननिवडक इलेक्ट्रोड. एन्झाइम-इलेक्ट्रोड वापरलात तर शेजारी एन्झाइम नसलेली जागा हवीच. मेंदूतलं ॲस्कॉर्बेट इलेक्ट्रोडवर ग्लुटामेटसारखंच दिसतं आणि झटक्यात तेही हलतं. दोन जागांच्या नोंदींची वजाबाकी केल्यावर उरेल तेवढंच ग्लुटामेट. प्रकाश-सेन्सरवर झटक्यातल्या रक्तप्रवाहाचा आणि आम्लतेचा परिणाम होतो, तो वेगळा तपासा.

पुढचं मी मायक्रोडायलिसिस धरून सांगतो. बहुतेक जण सुरुवात त्यानेच करतात आणि चुकाही त्यातच जास्त होतात.

पायरी ४: शस्त्रक्रिया आणि विश्रांती

मार्गदर्शक नळी आणि ईईजीचा इलेक्ट्रोड एकाच वेळी, एकाच भागात बसवा. ईईजीशिवाय हा प्रयोग करू नका. बाहेरून शांत दिसणाऱ्या रॅटच्या हिपोकॅम्पसमध्ये झटका चालू असू शकतो, आणि तुम्ही ते सॅम्पल बेसलाइन म्हणून मोजाल.

केटामाइनची भूल एनएमडीए रिसेप्टर अडवते, इतर बहुतेक भुली गाबाचा परिणाम वाढवतात. म्हणून मोजणी भुलेखाली नको. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर विश्रांती, वेदनाशामक, रोजचं वजन. या आठवड्यात रोज दहा मिनिटं प्राण्याला हातात घ्या. प्रयोगाच्या दिवशी तुमच्या हाताचीच भीती वाटणाऱ्या रॅटचं नॉरॲड्रेनालिन तुमचा आलेख बिघडवतं, आणि मुळात त्याला घाबरवायची गरजच नाही.

खरा प्रोब, म्हणजे मेंदूत द्रव फिरवून रसायन टिपणारी बारीक नळी, प्रयोगाच्या आदल्या दिवशी घाला. तो शिरताना ऊतीला इजा होते आणि सुरुवातीचे काही तास गळणारं ग्लुटामेट त्या जखमेचं असतं.

पायरी ५: प्रयोगाचा दिवस

प्रोबमधून फिरवायच्या द्रवात लिटरला साधारण सोडियम क्लोराइड १४७, पोटॅशियम क्लोराइड २.७, कॅल्शियम क्लोराइड १.२ आणि मॅग्नेशियम क्लोराइड ०.८५ मिलिमोल असतं. हे आकडे जपा. पोटॅशियम चुकून जास्त पडलं तर तुमचा द्रवच झटका आणेल. द्रव गाळून आणि हवेचे बुडबुडे काढून घ्या.

प्रोब घालण्याआधी माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणात बुडवून त्याची ‘रिकव्हरी’ काढा. बाहेरच्यातलं साधारण १० ते २० टक्के आत येतं. वेग कमी केला तर प्रमाण वाढतं, पण कुपी भरायला वेळ लागतो.

आता ज्या चुकीने माझे पहिले काही महिने वाया गेले ती सांगतो. प्रोबपासून कुपीपर्यंतच्या नळीत द्रवाला प्रवास करावा लागतो. नेहमीच्या बारीक एफईपी नळीत १० सेंटिमीटरला १.२ मायक्रोलिटर मावतं. माझी नळी ५० सेंटिमीटरची होती, म्हणजे ६ मायक्रोलिटर. मिनिटाला २ मायक्रोलिटर वेगाने मेंदूतला थेंब कुपीत पडायला तीन मिनिटं लागत होती. मी हिशोब केलाच नव्हता. झटका ज्या कुपीच्या वेळेत दिसला त्याच कुपीत मी उत्तर शोधत होतो आणि त्या कुपीच्या शेवटी आलेल्या झटक्यांचं ग्लुटामेट पुढच्या कुपीत जात होतं. मी ते ‘झटक्यानंतरची उशिराची वाढ’ म्हणून मोठ्या उत्साहाने आलेखावर काढलं. माझ्या मार्गदर्शकांनी आलेख न बघता फक्त विचारलं, ‘नळी किती लांब आहे?’ तेव्हापासून मी रोज सकाळी पंपात रंगीत द्रव सोडून तो कुपीत उतरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजतो आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहितो.

मग बेसलाइन. सलग तीन सॅम्पलं एकमेकांच्या जवळ येईपर्यंत झटका आणू नका. एकातही मोठा चढउतार असेल तर आणखी थांबा. कुपी बदलण्याची वेळ, ईईजीचं घड्याळ आणि व्हिडिओचं घड्याळ ही तिन्ही एकाच संगणकावरून चालवा. किंडलिंगचा प्राणी असेल तर झटका कुपीच्या सुरुवातीला येईल असं बटण दाबा, नळीतला उशीर धरून.

झटक्याची तीव्रता रसीन यांच्या १९७२ च्या पाच टप्प्यांत नोंदवतात: तोंडाच्या आणि चेहऱ्याच्या हालचाली, मान हलणं, पुढच्या पायांचे झटके, मागच्या पायांवर उभं राहणं, आणि उभं राहून कोसळणं. ही श्रेणी किंडलिंगसाठी बनलेली आहे. पेंटिलिनटेट्राझोलमध्ये झटके वेगळ्या क्रमाने येतात, तिथे त्यासाठी सुधारलेली श्रेणी घ्या. टप्पे ठरवणाऱ्याला कोणत्या प्राण्याला काय दिलं हे माहीत नसावं.

सॅम्पल लगेच बर्फात, मग उणे ८० अंशांवर.

पायरी ६: कुपीतून आकडा

अमिनो आम्लांसाठी (ग्लुटामेट आणि गाबा त्यांतलीच) एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करणारं यंत्र, आणि ओपीए हा त्यांना चमक देणारा अभिकर्मक, ती चमक म्हणजे फ्लुरोसन्स मोजायचा. ओपीएचं संयुग टिकाऊ नसतं, म्हणून मिसळणं आणि इंजेक्शन यांतलं अंतर प्रत्येक सॅम्पलला सेकंदापर्यंत सारखं हवं. हे काम यंत्रावर सोपवा. गाबा नॅनोमोलमध्ये असतं आणि ग्लुटामेट त्याच्या कितीतरी पट, तेव्हा गाबाचं टोक नीट वेगळं होतंय का ते आधी त्याच्या शुद्ध द्रावणाने बघा. आपल्या बोटांवरच्या घामातही अमिनो आम्लं असतात. एकदा उघड्या बोटाने कुपीचं तोंड शिवलं तर सेरिन आणि ग्लायसिन आकाशाला भिडतात. हातमोजे घातले की हा प्रश्न मिटतो.

पायरी ७: आकड्याचा अर्थ लावा

बेसलाइनचं ग्लुटामेट बहुतांशी सायनॅप्समधून आलेलं नसतं, त्यातला मोठा वाटा ग्लियातल्या सिस्टिन-ग्लुटामेट वाहकाचा असतो. ते ओळखायला द्रवात टेट्रोडोटॉक्सिन मिसळून बघतात. चेतापेशींचे आवेग बंद झाल्यावर जे उतरतं तेवढंच त्यांचं. आणि सायनॅप्समधून सुटलेलं ग्लुटामेट शेजारचे वाहक इतक्या वेगाने उचलतात, की कित्येक प्रयोगांत उघड झटका चालू असूनही डायलिसिसमध्ये वाढ दिसलेली नाही. तुम्हालाही दिसली नाही तर डेटा लपवू नका. ती खरी नोंद आहे.

शरीराचा वाटा वेगळा काढा. झटक्यात श्वास अडतो, तापमान चढतं, रक्तदाब हलतो आणि या प्रत्येकाने मेंदूचं रसायन बदलतं. मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बबून माकडांचे स्नायू औषधाने सैल करून कृत्रिम श्वासोच्छ्वास दिला, म्हणजे अंगाचे झटके नाहीत आणि ऑक्सिजन पुरेसा. तरी लांबलेल्या झटक्यांनी मेंदूतल्या पेशी मेल्या, कमी प्रमाणात पण मेल्या. तो प्रयोग आज कुणी करू नये, पण त्यातला धडा उपयोगी आहे. निदान गुदाशयाचं तापमान आणि शक्य तर रक्तातलं ऑक्सिजन नोंदवा.

संख्या मोजताना एक प्राणी म्हणजे एक. एका रॅटच्या बारा कुप्या म्हणजे बारा निरीक्षणं नव्हेत. गटातल्या सगळ्या प्राण्यांचे आलेख घड्याळावर न जुळवता प्रत्येकाच्या ईईजीवरच्या झटक्याच्या सुरुवातीवर जुळवा. हा एवढा बदल केला तरी कित्येकदा गोंधळलेला आलेख स्वच्छ होतो.

पायरी ८: झटका थांबवा, प्राण्याला सावरा, मेंदू तपासा

स्टेटस एपिलेप्टिकस असेल तर तो ठरलेल्या मिनिटाला डायझेपामने थांबवा, आणि पहिल्या पायरीतला दहापटीचा आकडा आठवून ते मिनिट सगळ्या प्राण्यांना तेच ठेवा. एकाला ४० मिनिटांनी आणि दुसऱ्याला ९० मिनिटांनी थांबवलंत तर तो एक गट राहत नाही. डायझेपामनंतरच्या प्रत्येक सॅम्पलवर तशी खूण करा. मग प्राण्याला कातडीखाली रिंगर लॅक्टेट, ऊब, मऊ भिजवलेलं खाद्य, गरज पडली तर सिरिंजने तोंडाजवळ. पहिले दोन-तीन दिवस तो स्वतः खात नाही. रात्री एकदा येऊन बघा. मी येतो.

शेवटी मेंदूचे काप करून प्रोबचं टोक कुठे होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा. प्रोबची रेघ काळपट चिरेसारखी दिसते. ती हिपोकॅम्पसमध्ये उतरायच्या ऐवजी शेजारच्या वेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत, गेली असेल, तर त्या प्राण्याचा डेटा बाजूला काढा, आकडे कितीही सुरेख असले तरी. हे काम शक्यतो एचपीएलसीचे निकाल उघडण्याआधी करा आणि कोणते प्राणी वगळले, का वगळले ते लेखात लिहा.